चार सूत

पुरुषाचा शर्ट शिवणं म्हणजे काय मोठंसं, असं मला परवापरवापर्यंत वाटत होतं. कटोरी नाही, टक्स नाहीत, गळ्याच्या बारा तऱ्हा नाहीत. चौकोनी माणूस, चौकोनी शर्ट! पंचवीसेक वर्षं मी स्वतःचे आणि शेजारणींचे ब्लाऊज शिवत आले आहे, नोकरी सांभाळून, हौसेपुरते. त्यामुळे हात बसलेला आहे असा एक गैरसमज होता. तो एका साध्या पांढऱ्या शर्टाने तीन महिन्यांत उतरवला.

तर झालं असं, की गेल्या वर्षी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पंचाहत्तरी आली. भाऊ म्हणाला छोटासा कार्यक्रम करू, नातेवाईक बोलवू. अण्णा म्हणाले, "करा. पण मी येवचंय नाय." का, ते सांगेनात. अण्णांचं हे असंच असतं. शेवटी आईने स्वयंपाकघरात मला हळूच सांगितलं, "ह्यांका घालूक शर्ट नाय."

शर्ट नाही कसा? कपाटात सहा शर्ट होते. त्यातले पाच रेडिमेड, आम्हीच दर दिवाळीला आणून दिलेले, टाचण्यासुद्धा न काढलेले. सहावा चाळीखालच्या मास्तरांनी शिवलेला, २०१९ सालचा. त्याच्या कॉलरची धार विरून आतलं बकरम दिसायला लागलं होतं. बाहेर जायचं तर अण्णा तोच घालत. आणि मग लक्षात आलं, की तो विरायला लागला तसं अण्णांचं बाहेर जाणंही कमी झालं होतं. संध्याकाळी लालबागहून भारतमातापर्यंत चक्कर, तिथले दोन जुने गिरणीतले दोस्त, सगळं हळूहळू बंद. आम्ही समजत होतो, वय झालं.

मी त्यांना लोअर परळच्या एका मॉलमध्ये घेऊन गेले. (जिथे गिरणी होती तिथेच तो मॉल आहे हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे 'पूर्वी इथे काय होतं' या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं.) रेडिमेडवर ३८, ३९, ४०, ४२ असे जे आकडे असतात ते कॉलरचे सेंटिमीटर. अण्णांचा गळा साडेचौदा इंच, म्हणजे ३८ नंबर चालायला हवा. गळा बसला. पण उजवीकडे मानेपासून काखेपर्यंत तिरक्या चुण्या, बटणपट्टी एका बाजूला ओढल्यासारखी, आणि उजव्या खांद्याची शिवण घरंगळून दंडावर. दुकानातला मुलगा म्हणाला, "अंकल, सरळ उभे राहा ना." अण्णा सरळच उभे होते. त्यांनी शर्ट काढला, घडी घालून काउंटरवर ठेवला आणि माझी वाट न बघता दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले.

त्या दिवशी मी ठरवलं की शर्ट मीच शिवणार.

कापड आणायला मंगलदास मार्केटला गेले. पांढरं पॉपलीन, ३६ पन्ह्याचं, अडीच मीटर. (५८ पन्ह्याचं घेतलं तर एक मीटर साठ सेंटिमीटरमध्ये फुल बाह्यांचा शर्ट होतो, पण मला चुकायला कापड हवं होतं.) घरी आणलं तेव्हा अण्णांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं, अंगठा आणि तर्जनीत चोळलं. आयुष्यातली चौदा वर्षं ते गिरणीत साळखात्यात होते, साच्यावर. कापडाकडे ते चेहऱ्याकडे बघावं तसे बघतात. "उभे तार जास्त, आडवे कमी. पॉपलीन बरा आसा. पण आधी पाण्यात घाल," म्हणाले. क्लासमध्ये आम्हाला 'सुती कापड आधी भिजवा' एवढंच सांगितलं होतं. का ते अण्णांनी सांगितलं. साच्यावर उभा धागा सतत ताणलेला असतो, आणि पुढे कापडाला खळ आणि इस्त्री होते तेव्हाही ते ओढलेलंच असतं. ते पाण्यात पडलं की सैल होतं आणि आखडतं, आडव्यापेक्षा उभ्यात जास्त. न भिजवता शिवलेला शर्ट पहिल्या धुण्यात आखूड होतो तो यामुळे. रात्रभर बादलीत ठेवलं, सकाळी न पिळता वाळत घातलं.

आता माप. अण्णा माप देईनात. टेप घेऊन जवळ गेले की "मास्तराचो जुनो शर्ट आसा मा, तेचावरून काप." म्हटलं ठीक आहे. जुना शर्ट उसवून त्यावरून बेतायचं ही पद्धत काही वाईट नाही. मी तो जमिनीवर पसरला, मधोमध दुमडला, आणि खांद्यावर खांदा जुळवायला गेले तर जुळेचना. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली, उजवा मुंढाही खाली. मला वाटलं म्हातारपणी मास्तरांची कात्री हलली असणार. बिचारे! मी डाव्या बाजूवरून कागद कापला आणि तोच उलटा करून उजवीला वापरला. म्हणजे मास्तरांची चूक मी दुरुस्त केली. वाचून हसू नका, पुढे बरंच आहे.

नशीब एवढंच की पॉपलीनला लगेच कात्री लावली नाही. आधी मांजरपाटाचा कच्चा शर्ट शिवला. आईची उषा, पायाने चालवायची. आईचे गुडघे गेल्यापासून तिला ती चालवता येत नाही, पण शेजारी खुर्ची टाकून हुकूम सोडता येतात. शर्टात खरी मेख कुठे आहे हे मला तेव्हा कळलं. बाही लावताना मी ब्लाऊजच्या सवयीने मुंढा घट्ट नको म्हणून चांगला खोल घेतला. सगळ्यांना वाटतं मुंढा मोठा म्हणजे हात मोकळा. उलट आहे. मुंढा जितका खाली, तितका हात वर केला की अख्खा शर्ट त्याच्याबरोबर वर येतो. लोकलमध्ये कडी धरून उभ्या राहिलेल्या पुरुषांचे शर्ट पँटीबाहेर येतात ते बघा, बऱ्याचदा तेच कारण. मुंढा काखेजवळ, बाहीचा माथा बसका आणि बाही वर रुंद, असं केलं तर हात फिरतो. ब्लाऊजपेक्षा हे वेगळं गणित आहे.

कॉलरने आठ दिवस घेतले. शर्टाची कॉलर दोन भागांची असते. खाली गळ्याभोवती उभी राहणारी पट्टी, आणि वरची दुमडणारी कॉलर. वरचं कापड आतल्या कापडापेक्षा एक सूत मोठं घ्यावं लागतं, नाहीतर टोकं आकाशाकडे बघतात. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार आणि शिंपी अजून त्यातच बोलतात.) माझी टोकं चार वेळा आकाशाकडे बघत होती. आई म्हणाली, "मी शंभर कॉलरी पलटल्या असतील, शिवली एकपण नाय." ते खरं आहे. लहानपणी अण्णांच्या शर्टाची कॉलर विरली की आई ती उसवून उलटी करून परत बसवायची. विरलेली बाजू खाली जायची आणि शर्ट आणखी दोन वर्षं चालायचा. अमेरिकेत ट्रॉय गावच्या हॅना माँटेग्यू नावाच्या बाईने १८२७ मध्ये नवऱ्याच्या शर्टाच्या कॉलरी कापून वेगळ्या धुवायला सुरुवात केली आणि त्यातून सुट्या कॉलरींचा मोठा धंदाच उभा राहिला, अशी गोष्ट सांगतात. आमच्या चाळीत धंदा उभा राहिला नाही, पण कॉलर पलटता न येणारी बाई बहुधा नव्हती.

असो. कच्चा शर्ट तयार झाला. अण्णांनी घातला आणि बटणं लावायला गेले तर हात चाचपडायला लागला. "काय गो, ह्यो कोणाचो शर्ट? माझो काय आवशीचो?" मी सवयीने काजपट्टी उजवीकडे घेतली होती, बायकांची असते तशी. पुरुषांची डावीकडे असते. आई हसून हसून खोकायला लागली. मीही हसले. पण हसू ओसरल्यावर दिसलं ते वेगळंच. मॉलमधल्या त्या शर्टाच्या चुण्या जशाच्या तशा. उजवीकडे मानेपासून काखेपर्यंत, तिरक्या.

अण्णा आरशाकडे न बघता म्हणाले, "ऱ्हवांदे. काय्येक गरज नाय." आणि शर्ट काढून ठेवला.

आता इथे मास्तरांबद्दल सांगायला हवं. आमच्या चाळीच्या खालच्या गाळ्यात त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक मशीन, एक टेबल, आणि भिंतीवर एक फूटभर आरसा. २०२० च्या टाळेबंदीत ते गावी गेले ते परत आलेच नाहीत. पुढे चाळीच्या पुनर्विकासाचं एकदाचं ठरलं तेव्हा खालचे गाळे आधी रिकामे करायला सांगितले. त्यांचा मुलगा आवरायला आला होता. मी त्याच्याकडे मास्तरांचा लाकडी गज मागितला. तो म्हणाला, ताई, ह्या वह्या पण न्या, नाहीतर रद्दीत जातील. मापाच्या वह्या होत्या, लांबट, पुठ्ठ्याच्या. काही वाळवीने खाल्लेल्या, पाच-सहा धड. मी त्या उगीच म्हणून आणल्या आणि माळ्यावर टाकल्या होत्या.

कच्चा शर्ट फसल्याच्या रविवारी त्या खाली काढल्या.

एखाद्या चाळीचा इतिहास लिहायचा तर यापेक्षा चांगलं साधन नसेल. कोणाचं पोट कधी सुटलं, कोणाच्या मुलाला पहिली फुल पँट कधी मिळाली, सगळं आहे. मास्तर जुन्या पद्धतीने लिहायचे, अर्ध्याला दोन उभ्या रेघा, पावाला एक. १९७९ ची दिवाळी, अण्णांचं नाव, खाली आकडे: लांबी २९, छाती ३६, तीरा १७, बाही २३, गळा १४॥. बस, एवढंच. दुसरं काही नाही.

मग १९८२. त्या वर्षी १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, दत्ता सामंतांचा. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप नक्की कधी संपला ते आजही कुणाला धड सांगता येत नाही. आमच्या घरात त्याबद्दल फार बोललं जात नाही. वहीत मात्र तो दिसतो. त्या वर्षीची पानं जवळजवळ कोरी. नव्या शर्टाचं माप नाहीच. जे काय आहे ते 'कॉलर पलट', 'पँट आल्टर, कंबर १॥ कमी', 'मोठ्याची लहान्याला'. दिवाळीच्या पानावरसुद्धा. मी सहा वर्षांची होते. त्या दिवाळीचा फ्रॉक आईच्या साडीचा होता हे मला आठवतं, पण ते गंमत म्हणून आठवतं.

अण्णांचं नाव परत सापडलं ते १९८५ मध्ये. छाती ३४. आणि शेवटी बारीक अक्षरात: 'उ. खां. २ सूत खाली'. १९८८ मध्ये 'उ. खां. ४ सूत'. १९९४, ४ सूत. पुढे प्रत्येक वेळी तेच, शेवटच्या २०१९ च्या नोंदीत त्याच्या जोडीला 'पाठ ॥ जास्त'. म्हणजे वाक आल्यामुळे पाठीला अर्धा इंच कापड वाढवलेलं.

मास्तरांची कात्री कधीच हलली नव्हती.

मी वही घेऊन आईकडे गेले. संपानंतर अण्णा 'कापडाच्या दुकानात' लागले, काळबादेवीला, मुळजी जेठा मार्केटमध्ये, हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. शाळेत 'वडिलांचा व्यवसाय' यापुढे मी तसंच लिहीत असे. आईला विचारलं, दुकानात नक्की काय करायचे गं? तिने वहीतल्या आकड्यावर बोट ठेवलं. वाचता येतं तिला, पण चष्मा नव्हता. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दुकानात न्हय गो. दुकानापर्यंत."

गठ्ठे वाहायचे. गोदामातून दुकानात, दुकानातून टेम्पोत. १९८४ ते १९९५, अकरा वर्षं, मग एका सोसायटीत वॉचमन झाले. रात्री आई त्यांच्या खांद्याला तेल चोळायची ते मला आठवतं. आम्हाला सांगितलं होतं, उभं राहून दुखतो. आम्हीही विचारलं नाही, उभं राहून पाय दुखायचे ते खांदा कसा दुखतो.

खांदा वयाने उतरतो, एका कुशीवर झोपून उतरतो, सगळं खापर गठ्ठ्यांवर फोडायला मी काही डॉक्टर नाही. पण १९७९ च्या पानावर ती ओळ नाही आणि १९८५ च्या पानावर आहे. एवढंच मी सांगू शकते.

मग मी परत कागद घेतले. कापड बेतताना आपण ते नेहमी दुमडून घेतो. एकदा कात्री चालवली की डावं-उजवं दोन्ही निघतं, वेळ वाचतो. म्हणजे माणसाच्या दोन बाजू सारख्या, हे कात्री लावायच्या आधीच धरून चाललेलं असतं. मी पॉपलीन उघडं पसरलं, एकपदरी. पुढचा डावा भाग वेगळा, उजवा वेगळा. पाठ अख्खी. तीरा, म्हणजे क्लासच्या भाषेत योक, तोही अख्खा, उभा धागा खांद्यापासून खांद्यापर्यंत जाईल असा आडवा ठेवून, कारण उभा धागा ताणत नाही आणि शर्टाचा सगळा भार तिथेच असतो. उजव्या खांद्याचं टोक चार सूत खाली घेतलं. आणि जितका खांदा खाली, तितकाच मुंढ्याचा तळही खाली. हे विसरलं तर खांदा बसतो पण काख आवळते. पाठीला वर अर्धा इंच वाढ, पुढून तेवढी कमी. प्रत्येक तुकड्यावर खडूने 'डा' आणि 'उ' लिहिलं, कारण एकदा उलटसुलट झालं की अशा शर्टाला माफी नाही. काजपट्टी डावीकडे. दोनदा तपासली!

आधी अर्थातच दुसरा कच्चा शर्ट केला. तो अण्णा झोपलेले असताना त्यांच्या जुन्या शर्टाला लावून बघितला, अंगावर घालायला मागायची छाती झाली नाही.

शिवताना इंचाला बारा-तेरा टाके ठेवले. बाजूच्या शिवणी दुमडून दुहेरी मारल्या, आत एक धागा सुटा दिसणार नाही अशा. खिसा मास्तरांच्या मापाचा, जरा खोल, चष्मा आणि तंबाखूची डबी मावेल असा. (डॉक्टरांनी तंबाखू बंद केली आहे. खिसा मात्र तेवढाच हवा असतो.) काजं हाताने केली, कॉलरच्या पट्टीवरचं आडवं, बाकी उभी. दोन काजं वाईट झाली आहेत. कुठली ते सांगणार नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी इस्त्री करून शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि काही बोलले नाही. अण्णांनी तो बघितला, आतून उलटा करून शिवणी बघितल्या, आणि घातला. कॉलरमध्ये दोन बोटं घालून पाहिली. दोन्ही हात वर केले, खाली घेतले. मग आरशासमोर गेले. चुणी नव्हती. बटणपट्टी सरळ खाली आली होती. पांढरा शर्ट घातलेला एक सरळ म्हातारा आरशात उभा होता.

बराच वेळ बघून ते आरशातूनच मला म्हणाले, "मास्तराची वही खंय गावली तुका?"

मी म्हटलं, "कसली वही?"

"माका शिकवू नको. दोन सूत होता तेव्हापासून माका म्हायत आसा. माप घेताना तो ह्या खांद्यार हात जरा जास्त येळ ठेवी."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत त्यांच्याशी?"

"तेणा इचारल्यान नाय, मी सांगलंय नाय." आणि खिशात चष्मा घालून बघितला, मावतो का.

कार्यक्रमाला ते आले. फोटोत सगळीकडे आहेत. मधल्या आत्यांनी विचारलं, शर्ट कुठून घेतला, तर म्हणाले, "शिवून घेतलंय." कोणाकडून ते सांगितलं नाही. मला थोडं लागलं, पण असू दे.

दोन दिवसांनी संध्याकाळी ते भारतमातापर्यंत चक्कर मारून आले. आल्यावर शर्ट काढून खुंटीला लावताना म्हणाले, पुढचा हाफ बाह्यांचा कर, उकडतं. कापड त्यांनी स्वतःच आणलं होतं, परत येताना वाटेत उतरून, निळ्या बारीक रेघांचं. रेघा दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या खांद्यांवर जुळवायच्या कशा, हे मला अजून सुचलेलं नाही. तूर्तास ते मोरीत बादलीत भिजतंय.